कॉर्डेल काय म्हणाला

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या ज्या टाउनहाउसमध्ये नीलांबरी अष्टपुत्रे गेली एकोणीस वर्षं राहते, त्याच्या वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला एक छोटी खोली आहे. खिडकीतून तळं दिसतं. तळं कसलं, पावसाचं पाणी साठावं म्हणून बिल्डरने खणलेला खड्डा. पण कॅनडा गीज हे रानहंस त्याला तळं समजून उतरतात, आणि मार्चमध्ये काठावरची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली की माणसांनाही ते तळंच वाटायला लागतं. त्या खिडकीपाशी बसून नीलांबरीने अकरा वर्षं फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे आवाज ऐकले. अमेरिकन फुटबॉलचा सामना मात्र तिने एकही शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

तिचं काम ऐकलेलं उतरवून काढायचं. वेबसाईटवाले, पॉडकास्टवाले मुलाखती रेकॉर्ड करायचे, त्या एका एजन्सीकडे जायच्या, आणि एजन्सी त्या घरबसल्या काम करणाऱ्यांना वाटून द्यायची. कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज चालू, पाय उचलला की बंद. नीलांबरीचा कान तयार होता. लग्नाआधी नागपूरला धंतोलीतल्या एका वकिलांकडे ती स्टेनो होती, आणि ते वकीलसाहेब तोंडात सुपारी धरून डिक्टेशन द्यायचे. त्या सुपारीतून ज्याला शब्द सापडले, त्याला पुढे कुठेच अडत नाही, असं ती म्हणायची. एजन्सीत खेळाडूंच्या मुलाखती कुणाला नको असायच्या, कारण ही पोरं पुटपुटतात, शब्द गिळतात, अर्धं वाक्य खांदे उडवून पुरं करतात. त्या सगळ्या हिच्याकडे यायला लागल्या.

तिचा हंगाम फेब्रुवारीत सुरू व्हायचा, म्हणजे खऱ्या फुटबॉलचा संपला की. मग सप्टेंबरपर्यंत सामने नसतात, पण बोलणं थांबत नाही. कोणता खेळाडू कुठे जाणार, कुणाचा गुडघा बरा झाला, आणि सगळ्यात जास्त बोलणं ड्राफ्टचं. एप्रिलच्या शेवटी तीन दिवस बत्तीस संघ पाळीपाळीने विद्यापीठांतल्या पोरांना निवडतात. सात फेऱ्या असतात. पहिल्या-दुसऱ्या फेरीत नाव आलं की पोराचं भाग्य उजळलं, उशिरा आलं तर संघात टिकायची मारामार, आणि आलंच नाही तर घरी. हे सगळं नवऱ्याने, राजीवने, तिला कधीतरी इडल्या खाता खाता समजावलं होतं. त्याच्या ऑफिसात सगळे त्यावर पैजा लावत.

नीलांबरीच्या मनात मात्र त्या खेळाचं वेगळंच चित्र होतं. त्यात मैदान होतं, पण रेघा नव्हत्या. संध्याकाळचं कोवळं गवत, त्यावर उंच उंच पोरं उभी, आणि प्रत्येक जण आळीपाळीने आपल्या आईबद्दल, आजीबद्दल, शाळेतल्या कोचबद्दल काहीतरी सांगतोय. दुपारी कधी हेडफोन लावल्या लावल्याच तिचा डोळा लागायचा, आणि लुइझियानातलं एखादं पोर तिच्याशी मराठीत बोलायला लागायचं. जाग आल्यावर ते काय बोललं हे आठवायचं नाही, पण उरलेली दुपार बरी जायची.

दोन वर्षांपूर्वी मशीन आलं. आता मुलाखत आधी मशीन ऐकायचं, टाइप करायचं, आणि नीलांबरीने त्यातल्या चुका काढायच्या. काम निम्म्याहून कमी झालं. पण चुका काढण्यात तिला एक खोडकर आनंद मिळायचा. एका पोराच्या आजीने डब्यातून पाठवलेल्या पालेभाजीचं मशीनने माणसाचं नाव करून टाकलं होतं. ते दुरुस्त करून ती दिवसभर हसत होती.

गेल्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे कॉर्डेल प्रुइटची मुलाखत आली. वय बावीस, जॉर्जियाच्या दक्षिणेकडचा, लाइनबॅकर. म्हणजे समोरचा बॉल घेऊन घुसला की त्याला आडवा पाडणारा. वेबसाईटचा बातमीदार टॉड केसलर त्याला सरावाच्या मैदानाबाहेर पार्किंगमध्ये भेटला होता. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, मागे वारा, मधूनच ट्रक मागे घेतल्याचा टुंट टुंट आवाज. कॉर्डेलचा आवाज खालच्या पट्टीतला, माठातल्या पाण्यासारखा गार. आधीच्या वर्षी त्याची आई आजारी होती, सहा महिन्यांत गेली. त्या दिवसांत तो सरावाला लवकर यायचा आणि गाडीतच बसून राहायचा, असं सांगत होता. "काच वर करून बसायचो. बाहेर सगळे पळताना दिसायचे, आवाज यायचा नाही. बरं वाटायचं."

शेवटाकडे टॉडने विचारलं, तुझं फुटबॉलवर प्रेम आहे का? हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, आणि सगळी पोरं छातीवर हात ठेवून हो म्हणतात. कॉर्डेलने पायाने खडी उकरल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "लोक विचारतात. प्रेमाचं मला माहीत नाही. आय कॅन्ट वॉक अवे फ्रॉम इट. एवढंच मला ठाऊक आहे."

कॅन्ट. म्हणजे मला हे सोडून जाता येत नाही. मशीनने तसं लिहिलं होतं.

नीलांबरीने पेडलवरचा पाय उचलला. अमेरिकन माणूस 'कॅन्ट'मधला शेवटचा ट उच्चारतच नाही. तो घशात अडकवतो आणि पुढे जातो. इथे आल्यावर पहिली काही वर्षं तिची यावरून फार फजिती झाली होती. ही माणसं येऊ शकतो म्हणतात की येऊ शकत नाही म्हणतात, कळायचं नाही. मग हळूहळू खूण सापडली. 'कॅन' म्हणताना ते अक्षर चिमटीत धरल्यासारखं लहान करतात, आणि 'कॅन्ट'चं तोंड उघडं असतं. इतक्या वर्षांत तिची गफलत झाली नव्हती.

तिने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. वारा होता. तिसऱ्यांदा ऐकलं.

त्या दिवशी सकाळी घरात एक गोष्ट घडली होती. तिची मुलगी इला, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी मेडिकलचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून घरी आली होती. सध्या ब्रेक घेतलाय, असं सगळ्यांना सांगितलं जायचं, आणि घरातल्या घरातही तसंच बोललं जायचं. मग ती जवळच्या एका नर्सरीत कामाला लागली. डॉगवुड, मेपल, क्रॅबअ‍ॅपल, झाडं लावायची, छाटायची, ट्रकमध्ये चढवायची. त्या सकाळी चहाचा कप हातात धरून ती शांतपणे म्हणाली होती, "दे मेड मी पर्मनंट. मी परत नाही जाणार, आई. कॉलेजला मेल केलाय." राजीवने उठून आपली बशी सिंकमध्ये ठेवली आणि नळ उगाचच बराच वेळ चालू ठेवला. नीलांबरीला बोलायचं खूप होतं, पण इलाच्या नखांतली माती पाहत ती बसून राहिली.

आणि आता हा मुलगा कानात म्हणत होता, प्रेमाचं मला माहीत नाही. मी हे सोडून जाऊ शकतो. एवढंच मला ठाऊक आहे. कसलाही तोरा नाही, तक्रार नाही. नीलांबरीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, किती नीट सांगितलं पोराने. तिने कर्सर त्या शब्दावर नेला, मशीनने लावलेला ट पुसून टाकला आणि फाइल पाठवून दिली. बाहेर तळ्यावर दोन गीज पाण्यावरून नुसतेच सरकत होते. उरलेली दुपार तिने काही केलं नाही. ते वाक्य मनात घेऊन बसून राहिली.

आठवड्याभराने राजीवने खालून हाक मारली. "नीलू, ये लवकर, तुझं पोरगं टीव्हीवर आहे."

ती पदराला हात पुसत खाली आली. टीव्हीच्या तळच्या पट्टीवर तेच वाक्य सरकत होतं. 'मी फुटबॉल सोडून जाऊ शकतो.' वेबसाईटने तेवढंच उचलून मथळा केला होता. चार जण कोट घालून त्यावर भांडत होते. एक म्हणाला, निदान पोरगा खोटं तरी बोलत नाही. दुसरा म्हणाला, ज्याला सोडून जायचंय त्याच्यावर दुसऱ्या फेरीतली निवड वाया कोण घालवील? सामने नव्हते, चघळायला दुसरं काही नव्हतं. नाव न सांगणाऱ्या कुण्या स्काउटने, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याने, म्हटलं होतं की या मुलाबद्दल आमच्या मनात आधीपासूनच शंका होती.

नीलांबरीला आधी क्षणभर अभिमानच वाटला. तिच्या बोटांतून गेलेलं वाक्य सगळा देश वाचत होता. मग ते कोटवाले चेहरे बघून कसंसंच झालं. "इतकं काय वाईट बोललाय तो?" ती म्हणाली.

"वाईट नाही गं," राजीव म्हणाला. "पण असं बोलायचं नसतं. इंटरव्ह्यूत कोणी म्हणतं का, मी केव्हाही जॉब सोडीन म्हणून? दुसऱ्या राउंडचा प्लेअर होता, आता पाचव्यात गेला तरी नशीब."

ती वर गेली. त्या दिवसापासून तिचं कामात लक्ष लागेना.

एप्रिलच्या मध्याला एका रविवारी सकाळी टीव्हीवर कॉर्डेल स्वतः दिसला. कुठल्याशा जिमच्या दारात त्याला माइकवाल्यांनी गाठलं होतं. नीलांबरीने त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. तिने कल्पिला होता त्याहून कोवळा होता, आणि कानाशी एक लहान पांढरा डाग होता. "मी तसं म्हणालोच नाही," तो म्हणाला. "मी म्हणालो, आय कॅन्ट. आय कॅन्ट वॉक अवे." माइकवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. स्टुडिओतला माणूस म्हणाला की वेबसाईटकडे शब्दन् शब्द लिहून काढलेला आहे, त्यामुळे आता अंगाशी आल्यावर पोरगा शब्द फिरवतोय, आणि हे तर आणखीच वाईट.

राजीवला काहीतरी विचारायचं होतं, पण नीलांबरी तिथे नव्हती. ती जिना चढून वर गेली होती.

रेकॉर्डिंग तीस दिवसांनी आपोआप पुसलं जायचं. सव्विसावा दिवस होता. तिने हेडफोन लावले. आत्ता टीव्हीवर ऐकलेला शब्द कानात ताजा होता, तोच शब्द पार्किंगच्या वाऱ्यातून आला. तोंड उघडं, शेवटी घशात अडकलेला श्वास. मग वॉक अवे. तिला पुन्हा ऐकायची गरज नव्हती, तरी तिने नऊ वेळा ऐकलं. पहिल्या दिवशी ऐकलेलं ते वाक्य रेकॉर्डिंगमध्ये कुठे नव्हतंच.

ती बराच वेळ तशीच बसली. फुलं गळायला लागली होती आणि तळ्याच्या कडेने पाण्यावर पांढरी साय धरल्यासारखी दिसत होती. तिला वाटलं, आपण अजून त्या दुपारच्या डुलकीतच आहोत, आणि जरा हललो की हे सगळं पुसलं जाईल.

संध्याकाळी इला कामावरून आली. नीलांबरीने तिला वर बोलावून हेडफोन दिले. "एक वाक्य ऐक. तो काय म्हणतोय ते सांग फक्त."

इलाने उभ्याउभ्याच ऐकलं. "आय कॅन्ट वॉक अवे फ्रॉम इट. का गं?"

"कॅन नाही ना?"

"नो. कॅन्ट. इट्स प्रीटी क्लिअर, आई." मग तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खाली गालिच्यावर बसली. "काय झालं?"

नीलांबरीने सगळं सांगितलं. मशीनने बरोबर लिहिलं होतं, आपण चूक केलं, आणि तो मथळा, ती टीव्हीवरची माणसं. इला ऐकत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण तुझं चुकत नाही कधी. तू तर त्या बाप्याचं पण नीट लिहिलंस, ज्याचे दात नव्हते."

"त्या दिवशी तू चहा पिताना सांगितलंस ना," नीलांबरी म्हणाली. "पर्मनंट झाल्याचं. मला तुला काहीतरी म्हणायचं होतं. सुचलं नाही. मग हा मुलगा बोलला, आणि मला वाटलं, हे त्याला जमतंय तर माझ्या पोरीलाही जमलं असेल. सोडून येणं. मला तेच ऐकायचं होतं, इला. मी तेच ऐकलं."

इलाने आईच्या पायावर हात ठेवला, तिथेच जिथे पेडल असतं. खिडकीतला उजेड निळा होत गेला, दिवा कुणी लावला नाही. शेवटी इला म्हणाली, "इट वॉज हार्ड. सोडणं. तू विचारलं नाहीस कधी."

"आता विचारते," नीलांबरी म्हणाली. आणि जेवायची वेळ टळून जाईपर्यंत ती विचारत राहिली, इला सांगत राहिली.

सोमवारी तिने एजन्सीतल्या सुपरवायझरला, पॅटीला, फोन केला. पॅटीशी तिची अकरा वर्षांची ओळख होती, दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. पॅटी सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाली, "नीला, कागदाच्या वर लिहिलेलं असतं ना, वापरण्याआधी रेकॉर्डिंगशी ताडून पाहा म्हणून. ती जबाबदारी त्यांची. तू काही बोलू नकोस."

"पण चूक माझी आहे."

"तू तसं लेखी दिलंस, तर तुझ्या दुरुस्त्या तपासल्या जातील. मशीनने बरोबर लिहिलं होतं आणि माणसाने बिघडवलं, हे वर कळलं तर काय होईल, तुला माहीत आहे. तुझंच नाही, तुझ्यासारख्या अजून सतरा जणी आहेत. आणि गिऱ्हाइकाला परस्पर फोन करायचा नाही, हे करारात आहे. मी तुझ्याकडून काही ऐकलं नाही असं समजते."

त्या सतरा जणींचा विचार नीलांबरीने दोन दिवस केला. भाजी चिरताना केला, तळ्याभोवती फिरताना केला. त्यांची नावंसुद्धा तिला माहीत नव्हती. त्या कुठेकुठे खिडक्यांपाशी बसल्या असतील, कुणाचं मूल शाळेत गेलेलं, कुणाची म्हातारी सासू शेजारच्या खोलीत. राजीवला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तू नाही सांगितलंस तरी कोणाला कळणार नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "पण तुला झोप लागेल का, ते तू बघ." इतकी वर्षं तो तिच्या कामाला तुझा टाइमपास म्हणायचा. त्या दिवशी त्याने तो शब्द वापरला नाही.

बुधवारी दुपारी तिने टॉड केसलरला फोन लावला. त्याचा नंबर वेबसाईटवर होताच. त्याचा आवाज तिला घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. प्रश्न विचारण्याआधी तो नेहमी घसा खाकरायचा, आणि वाक्य संपलं असं वाटलं की पुन्हा सुरू करायचा. तिने नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि मग एका दमात म्हणाली, "कॉर्डेल खरं बोलतोय. तो कॅन्टच म्हणाला होता. मी चुकीचं उतरवलं."

पलीकडे टॉडने घसा खाकरला. "तुम्ही का सांगताय मला हे?"

"कारण तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली. तिला तसं टोचून बोलायचं नव्हतं, पण ते तसंच बाहेर आलं.

"मी त्याच्यासमोर उभा होतो," टॉड म्हणाला. "दोन हातांवर. त्याने नाही म्हटल्यावर मला रेकॉर्डिंग ऐकता आलं असतं. फोनमध्येच आहे माझ्या."

"मग त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं होतं?"

"खरं सांगू? मला काहीच ऐकू आलं नाही. मी पुढचा प्रश्न काय विचारायचा ते मनात जुळवत होतो. आणि कागदावर ते वाक्य आलं, ते इतकं छान होतं." तो थांबला. "ते वाक्य मला हवं होतं."

नीलांबरीला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

टॉडच्या संपादकाचं म्हणणं होतं की लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ टाकावी आणि विषय संपवावा. ड्राफ्ट आठवड्यावर आला होता, कुणाला उगीच उकरायचं नव्हतं. टॉड ऐकेना. दोन दिवस त्यांची वादावादी चालली, हे तिला नंतर कळलं. सोमवारी सकाळी वेबसाईटवर, जिथे तो मथळा होता त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत टॉडने लिहिलं की कॉर्डेल प्रुइट खरं बोलत होता आणि मी चुकलो. सोबत त्याने त्या बारा सेकंदांचं रेकॉर्डिंग जोडलं होतं, ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं. उतरवून देणाऱ्या बाईचा त्यात उल्लेख नव्हता. नीलांबरीने त्याला मेल केला की माझी चूक तुम्ही का घेतलीत. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. लेखावर नाव माझं आहे.

टीव्हीवरच्या चौघांनी त्यावर दोन मिनिटं घालवली आणि मग ते कुणाच्या तरी खांद्याच्या ऑपरेशनकडे वळले.

ड्राफ्टचे तिन्ही दिवस नीलांबरी टीव्हीसमोर होती. गुरुवारी कॉर्डेलचं नाव येणार नव्हतंच. शुक्रवारी दुसरी आणि तिसरी फेरी झाली. एकेक पोरगा मंचावर येत होता, डोक्यावर टोपी चढवत होता, आई मुसमुसत होती. त्यातल्या कितीतरी जणांचे आवाज तिला पाठ होते, चेहरे नवे होते. ती डोळे मिटून ऐकायची, आणि मग ओळखायची. कॉर्डेल आला नाही. शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला, चौथ्या फेरीच्या मध्यावर, त्याचं नाव पट्टीवरून सरकत गेलं. मंच नाही, टोपी नाही. टाळ्या वाजवायला राजीवने हात उचलले होते, ते त्याने तसेच मांडीवर ठेवले.

"चौथी वाईट नाही," तो म्हणाला.

"दुसरी होती ना?"

"टॉडचा लेख वाचूनही कुणी त्याला घेतलं नसेल. किंवा उंचीमुळे नसेल. हे कधीच कळत नाही, नीलू."

ते खरं होतं, आणि त्यानेच तिला जास्त त्रास दिला. आपण कुणाचं किती नुकसान केलं, हे मोजून कुणी सांगणार नव्हतं.

टॉडला फोन केला त्याच दिवशी तिने एजन्सीलाही सगळं लेखी कळवलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात काम येणं बंद झालं. भांडण नाही, पत्र नाही. सकाळी उघडायची ती यादी रिकामी यायला लागली. महिन्याभराने पॅटीचा फोन आला. त्या सतरा जणींपैकी पाच राहिल्या होत्या. "तुझ्यामुळे नाही," पॅटी म्हणाली, "ते ठरलेलंच होतं." नीलांबरीने तिचे आभार मानले. खरं काय, ते पॅटीलाही माहीत नसावं.

जूनमध्ये एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. तिने घेतला आणि पहिल्या शब्दालाच ती खुर्चीत बसली.

"मॅम, मी कॉर्डेल प्रुइट. मिस्टर केसलरनी तुमचा नंबर दिला. चालेल ना?"

तिने बरंच काही ठरवून ठेवलेलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "माझं चुकलं, बाळा." बाळा हा शब्द तिने मराठीतच उच्चारला. त्याने अर्थ विचारला नाही.

"मॅम, मी शब्द गिळतो," तो म्हणाला. "आई नेहमी म्हणायची, दाराबाहेर उभं राहून बोलल्यासारखा बोलतोस." पुढे थोडं वाऱ्यासारखं काहीतरी ऐकू आलं, तो हसला असावा. "आधी मला खूप राग होता. तुमचा नाही, तुम्ही आहात हे माहीतच नव्हतं. सगळ्यांचा. सगळे म्हणायचे तू असं म्हणालास, म्हणालास. एके रात्री मलाच वाटायला लागलं, खरंच म्हणालो असेन का? गाडीत बसायचो त्या दिवसांत मी रोज तसंच म्हणायचो मनात. कॅन. मी जाऊ शकतो. मला वाटलं, तेच तोंडातून निघालं असेल."

फोनमध्ये दोघांचाही श्वास ऐकू येत होता.

"मग गेला का नाहीस?" तिने विचारलं.

"माहीत नाही, मॅम. काच खाली केली एक दिवस. बाहेर गरम होतं, गवत कापलेलं होतं नुकतंच. मी उतरलो." मग त्याने विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी. झाडं लावते."

"हे चांगलं काम आहे," कॉर्डेल म्हणाला. "आमच्या गावात पीकॅनची झाडं आहेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. तिला आवडतील." त्याला कुणीतरी हाक मारली आणि त्याने निरोप घेतला. पुन्हा त्यांचं बोलणं झालं नाही. तो संघात टिकला, एवढं राजीव बातम्या वाचून तिला सांगतो; खेळायला फारसं मिळत नाही, पण टिकला.

सप्टेंबरपासून नीलांबरी मंगळवारी आणि गुरुवारी गावच्या लायब्ररीत जाते. तिथे जुन्या रहिवाशांच्या आठवणी नोंदवून ठेवायचं काम चालू आहे. पगार नाही. म्हातारी माणसं समोर बसतात, ती रेकॉर्डर लावते आणि हाताने लिहितेही, धंतोलीत शिकलेल्या लघुलिपीच्या त्या जुन्या रेघोट्यांत. एखादा शब्द कळला नाही की ती मधेच हात वर करते आणि विचारते, आणि माणसं थांबून परत सांगतात. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. उलट बहुतेकांना दुसऱ्यांदा सांगताना आणखी काही आठवतं.

गेल्या गुरुवारी चौऱ्याण्णव वर्षांच्या एक बाई आल्या होत्या. त्या सांगत होत्या की आता जिथे टाउनहाउसेस आहेत तिथे त्यांच्या लहानपणी पीचची बाग होती, आणि फळं पिकली की खिडक्या बंद करून झोपावं लागायचं, इतका वास. नीलांबरीने विचारलं, खिडक्या बंद का? बाई म्हणाल्या, नाहीतर झोपच यायची नाही, नुसतं पडून राहावंसं वाटायचं. मग त्यांनी डोळे मिटले, आणि त्या बागेत कोण कोण कामाला यायचं, त्यांची नावं एकेक करून सांगायला लागल्या. नीलांबरी लिहीत राहिली.